शपथ कुणाच्या साक्षीने?

दिंडोशीच्या सत्र न्यायालयात साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की कुणी त्याच्यापुढे गीता धरत नाही. ते सिनेमात. गंगाजल किंवा कुराण हाती घेऊन शपथ वाहण्याची पद्धत कंपनी सरकारनेच १८४०च्या कायद्याने मोडीत काढली. आज चालतो तो १९६९चा शपथ कायदा. त्यात दोन वाटा आहेत : ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर देवाचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. दोन्हींचे वजन सारखे, आणि खोटे बोलल्यास शिक्षाही सारखीच.

आस्तिक-नास्तिकांचा वाद रंगात आला की आस्तिकांकडून एक हुकमी सवाल येतोच. वर बघणारा कुणी नसेल, मेल्यावर जाब द्यायचा नसेल, तर माणूस खरे कशासाठी बोलेल? हा सवाल हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात खोट्या साक्षीचा चक्क हिशेब आहे. जनावराबाबत खोटे बोललात तर पाच आप्तांचा घात, गाईबाबत दहांचा, घोड्याबाबत शंभरांचा आणि माणसाबाबत हजारांचा. धर्मसहिष्णुतेचा पुरस्कार करणारा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक एरवी बराच उदार होता. पण सहिष्णुतेवरच्या १६८९च्या पत्रात त्यानेही नास्तिकांना वगळले. कारण हेच, की त्यांच्या वचनाला आणि शपथेला आधार नाही.

या समजुतीची किंमत चार्ल्स ब्रॅडलॉने मोजली. १८८० साली नॉर्दम्प्टनमधून तो ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला आणि शपथेऐवजी दृढकथनाची परवानगी मागू लागला. ती नाकारली. मग शपथच घेतो म्हणाला, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय, म्हणून तीही घेऊ देईनात! मतदार त्याला पुनःपुन्हा निवडून देत राहिले, तरी जागेवर रीतसर बसायला १८८६ उजाडले. दोन वर्षांनी त्याच्याच प्रयत्नांतून दृढकथनाचा हक्क देणारा कायदा तिथे झाला. हिंदुस्थानची बाजू पार्लमेंटात मांडणारा हा गृहस्थ १८८९च्या डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईत आला होता. १८९१ साली तो वारला, तेव्हा अंत्ययात्रेला लंडनमध्ये बॅरिस्टरी शिकणारे मोहनदास गांधीही गेले. परतताना स्टेशनवर एका नास्तिकाने पाद्र्याला कसे छेडले, हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे.

पण एवढ्या लांब जायचे कारण नाही. दिंडोशीच्या टेकड्यांमागे राष्ट्रीय उद्यानाचे जंगल लागते आणि त्या जंगलात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. जवळजवळ हजार वर्षे तिथे भिक्षूंची वस्ती होती. जग घडवणारा ईश्वर त्यांना मान्य नव्हता, देहातून देहात जाणारा नित्य आत्माही नव्हता. तरीही खोटे न बोलणे हे पंचशीलातले एक शील. त्यांच्यासाठी लेणी आणि पाण्याच्या पोढी खोदवून देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी होते, आणि व्यापाऱ्याला शब्दाची किंमत कुणी वेगळी शिकवावी लागत नाही. मात्र या भिक्षूंना आजच्या अर्थाने नास्तिक ठरवण्याची घाई नको. पुनर्जन्म आणि कर्मफल ते मानत होते. ती गाठही सैल केली डॉ. आंबेडकरांनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांबरोबर श्राद्ध आणि पिंडदानही नाकारले आहे, आणि त्याच यादीत खोटे बोलणार नाही अशीही प्रतिज्ञा आहे. परलोकाचा हिशेब मिटवूनही नीतीचा हिशेब चालू ठेवता येतो, याचे इतके मोठे सार्वजनिक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

महाराष्ट्राच्या व्यासपीठांवर या विषयाला खरी धार आणली ती अभिनेते डॉ. श्रीराम लागू आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर या जोडीने. परमेश्वराला आता रिटायर करा, असे लिहून लागूंनी वादळ ओढवून घेतले होते. दाभोलकरांची भूमिका निराळी : समितीचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. एकाच मंचावर बसून ही दोन माणसे आपापली बाजू मांडत. संघटना चालवायची तर दाभोलकरांचीच वाट धरावी लागते हे उघड आहे. पण प्रश्न म्हणून लागूंचा जास्त सरळ होता, आणि त्याला तितकेच सरळ उत्तर देणारे आस्तिक फार थोडे भेटले.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. देव बुडवणारा कायदा म्हणून त्याला वर्षानुवर्षे विरोध झाला होता. प्रत्यक्षात त्याचे बारावे कलम वाचावे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, घरातली पूजा यांना तो हात लावत नाही. नंदीबैलवाल्याच्या भविष्यालाही नाही!

आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४चा निकाल. आपला कोणताही धर्म नाही अशी नोंद राजपत्रात करून द्या, ही मागणी सरकारी मुद्रणालयाने फेटाळली म्हणून तिघे कोर्टात गेले होते. न्यायमूर्ती अभय ओक आणि अतुल चांदूरकर यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात धर्म न मानण्याचे स्वातंत्र्यही येते, आणि धर्म लिहाच अशी सक्ती सरकारला कुणावर करता येत नाही. गंमत अशी, की हे तिघे नास्तिक नव्हते. त्यांची येशूवर श्रद्धा होती; फक्त ख्रिस्ती धर्म किंवा दुसरा कुठलाही धर्म त्यांना नको होता.