प्रति सरकारचें पत्री सरकार कसें झालें
(शिराळा येथें दिलेलें व्याख्यान)



गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलानें निबंधांत 'पत्री सरकार' असें लिहिलें. आम्हीं तांबड्या शाईनें तें खोडून 'प्रति सरकार' केलें. दुसरे दिवशीं त्याचा आजा शाळेंत आला. "गुर्जी, बैलाला पत्री मारत्यात, ती कधी बघितलीसा का?" एवढेंच त्यानें विचारलें. ट्रेनिंग कॉलेजांत आम्ही शुद्धलेखन शिकलों होतों. हें शिकलों नव्हतों.

1943 सालीं आपल्या सातारा जिल्ह्यांत (शिराळा तेव्हां त्याच जिल्ह्यांत होतें) येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांच्या पुढारपणाखालीं लोकांनीं स्वतःचा कारभार उभा केला. तो 1946 पर्यंत चालला. नांव ठेवलें प्रति सरकार, म्हणजे इंग्रजाच्या तोडीचें दुसरें सरकार. परंतु 'प्रति' हा शब्द पोथींतला. कुणब्याच्या ओसरीवर तो कोण बोलतो? बैलाच्या खुराला ठोकायची पत्री मात्र घरोघर ठाऊक. खबरे व गांवगुंड यांच्या तळपायांवर फटके बसूं लागले, तेव्हां लोकांनीं त्याला पत्री ठोकणें म्हटलें, आणि अखेर सरकारलाच तें नांव दिलें. कोणी खरोखरीच पत्री ठोकल्याचें सांगतात, तें असो.

हें नांव अडाणीपणाचें नव्हे. ज्याच्यापुढें गांव मान खालीं घालीत असे, त्यालाही आतां धाक आहे, हें त्यांत आलें. पण एक गोष्ट आम्हांला खटकते. त्या सरकारनें गांवचे तंटे तोडले, थोडक्या खर्चांत लग्नें लावलीं. तें सारें नांवांतून गळालें आणि शिक्षा तेवढी उरली. ज्याच्यावर नाहक आळ आला असेल, त्याच्या घरीं हें नांव कसें उच्चारलें जात असेल?

पुढें 1971 सालीं इंदिरा गांधींची 'गरिबी हटाव' ही घोषणा आली. तिची शेवटची वेलांटी काढून 'गरीब हटाव' म्हणणारेही निघाले. तेथें तर एका वेलांटीनेंच काम भागलें!

त्या मुलाची वही आम्हीं पुन्हां मागवली. तांबडी रेघ कांहीं पुसतां येईना, म्हणून शेजारीं 'दोन्ही बरोबर' असें लिहिलें. आजानें आपल्या बापाकडून फटक्यांखेरीज आणखी काय ऐकलें, तें विचारून खालीं लिहून आण, असें त्याला सांगितलें आहे.