दात राखायचे तर हिरड्या राखा



मी काही दातांचा डॉक्टर नव्हे. कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. मग हिरड्यांवर बोलण्याचा मला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर साधं आहे. माझ्या वडिलांचे दात पन्नाशीच्या सुमारास एकामागून एक हलू लागले आणि पडले. कीड म्हणाल तर एकाही दाताला नव्हती. हुरड्याच्या दिवसांत सारं घर आगटीभोवती बसायचं आणि वडील बाजूला दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन बसायचे. “वय झालं, दात जायचेच,” असं ते म्हणत आणि आम्हीही माना डोलवीत असू. पुढे माझ्याच हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, दंतवैद्यांपुढे तोंड उघडावं लागलं, तेव्हा उलगडा झाला. वडिलांचे दात वयानं गेले नव्हते, हिरड्यांच्या दुखण्यानं गेले होते.

हे दुखणं होतं कसं? दात हिरडीत रोवलेला दिसतो. पण त्याचा खरा आधार म्हणजे जबड्याचं हाड. हिरडी हे त्या हाडावरचं आवरण. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल असते. दातांवर सदैव जिवाणूंचा चिकट थर जमत असतो. तो रोज निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. त्यालाच आपण कीट म्हणतो. मग हिरडी लाल होते, सुजते, जरा लागलं की रक्त येतं. पुढे खाच खोल होत जाते, आत पू साठतो, तोंडाला घाण येते आणि आतलं हाड झिजू लागतं. विहिरीच्या कडेची माती आतून ढासळत जावी आणि वरच्याला पत्ता नसावा, तसा हा प्रकार आहे. कारण यात बहुधा ठणका नसतो. दाढ किडली तर ती रात्रभर झोपू देत नाही. हिरडी मात्र मुकाट्यानं दात घालवते.

यासंबंधीचा एक प्रयोग शिक्षकबंधूंना मुद्दाम सांगण्याजोगा आहे. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना काही दिवस दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला लागल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हा प्रयोग 1965 साली प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा, की सुरुवातीची सूज आपल्या हातांनी बरी होते. एकदा हाड झिजलं, की ते मात्र सहसा आपणहून भरून येत नाही.

आता आपल्याकडचे समज पाहा. रक्त आलं की आपण म्हणतो, “उष्णता झाली,” आणि त्या जागी ब्रश लावणंच सोडून देतो. करायला हवं नेमकं उलट. मऊ ब्रशानं तीच जागा हलक्या हातानं, पण नीट साफ करायची. दुसरा समज असा, की डॉक्टरकडून दात साफ करून घेतले की ते खिळखिळे होतात. खरं पाहता दात आधीच सैल झालेला असतो. कीट त्याला लिंपून धरतं, एवढंच. तिसरी गोष्ट मशेरीची. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त येणं कमी होतं. बाईला वाटतं, हिरड्या घट्ट झाल्या; आत रोग वाढतच असतो. शिवाय तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचं भय असतंच. तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह असलेल्यांनी तर अधिकच जपावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं कठीण होतं. गरोदरपणातही हिरड्या लवकर सुजतात. फेफऱ्यावरचं फेनिटॉइन आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या यांनी काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. मात्र म्हणून औषध आपल्या मनानं बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं.

आता शस्त्रक्रियेविषयी. नाव ऐकूनच माणूस घाबरतो. मीही घाबरलो होतो. पण आधी कीट काढतात, काही आठवडे थांबून खाच पुन्हा मोजतात, आणि ती खोलच राहिली असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. तिचे मुख्यतः दोन प्रकार. हिरडी दातांवर चढली असेल तर जादा भाग कापून तिला मूळचा आकार देतात. खाच खोल असेल तर हिरडी अलगद बाजूला करून दाताचं मूळ साफ करतात आणि टाके घालतात. जागा बधिर केलेली असल्यानं त्या वेळी दुखत नाही. माझी दुसऱ्या प्रकारची झाली. आठवडाभर मऊ भात खाल्ला, टाके निघाले, आणि दाढ जागेवर राहिली. अर्थात त्यानंतर रोजची सफाई चुकवली तर केलेलं सारं वाया जातं.

खर्चाची काळजी असेल त्यांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची दंत महाविद्यालयंही आहेत.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. शाळेत तुम्ही मुलांची नखं पाहता, तशा हिरड्याही पाहा. फिकट गुलाबी, दाताला घट्ट बिलगलेली हिरडी चांगली. लाल, फुगलेली दिसली तर घरी निरोप धाडा. रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटं ब्रश करायची सवय लावा. राख, विटेची पूड, मशेरी यांना घरातून रजा द्या. कडुलिंबाची काडी वापरायची तर टोक चावून मऊ करावं, हिरडीवर रगडू नये.

चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण हसत म्हणतो. माझ्या वडिलांच्या ताटातली ती कुस्करलेली भाकरी आठवली, की मला मात्र हसू येत नाही. आज रात्री आरशासमोर ओठ वर करून एकदा आपल्या हिरड्या पाहा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्याही पाहा.