राज्यचिन्हांचा ठावठिकाणा

महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता, असं विचारलं की स्पर्धा परीक्षेला बसणारी मुलं क्षणात सांगतात, शेकरू. राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण. ही नावं पाठ असतात. ती राहतात कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. मला आज तेच सांगायचं आहे.

शेकरू पाहायचं तर भीमाशंकरला जावं. १९८५ साली तिथं अभयारण्य झालं, ते मुख्यतः या तांबूस, झुपकेदार शेपटीच्या मोठ्या खारीसाठी. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. उंच झाडांवर काटक्या-पानांची गोल घरटी बांधतं, तीही एक नव्हे, अनेक. एका घरट्यातून दुसऱ्यात जायचं तर फांदीला फांदी भिडलेली हवी. मधली दोन-चार झाडं तुटली की त्याचा रस्ताच तुटला! त्या डोंगरातल्या आदिवासी गावांनी देवराया राखल्या, देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावली नाही. शेकरूला राज्यप्राण्याचा मान मिळाला तो नंतर. आसरा या माणसांनी आधीच दिला होता.

ताम्हण कोकणात ओढ्याकाठी वाढतं आणि ऐन उन्हाळ्यात, महाराष्ट्र दिनाच्या सुमाराला, जांभळ्या तुऱ्यांनी भरून जातं. २०१५ साली ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, राज्य फुलपाखरू झाली. असा मान फुलपाखराला देणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. तिच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांची पानं खाऊन वाढतात.

२०२३ साली निवडलेलं चिन्ह मला सर्वांत जवळचं वाटतं. राज्यमासा, पापलेट. ही मागणी पालघरच्या सातपाटीसारख्या बंदरांतल्या मच्छीमारांनी लावून धरली होती. ज्यांचं पोट या माशावर, त्यांनीच तो वाचवा म्हणावं, याचं मोल मोठं आहे. अंडी घालण्याच्या वयाला येण्याआधीच पिल्लं जाळ्यात सापडू लागली आणि पापलेट घटत गेलं, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. बारीक आसाच्या जाळ्यातून पिल्लू सुटत नाही.

तेव्हा बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटांचा वाटा समोर आला, तर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. कोळीणमावशींना सांगा, मोठं आलं की घेईन.