तारेची दोन टोकं

करकंबच्या शिवारात द्राक्षबागेला ठिबक आहेच. त्याच्या जोडीला जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर बसवायचे, तर त्यांचे आकडे विहिरीवरच्या पेटीपर्यंत आणणारी केबल बहुधा आरएस-४८५ पद्धतीची असते. पीळ दिलेल्या दोन तारा, ए आणि बी. त्यांच्यातल्या व्होल्टेजच्या फरकावरून निरोप कळतो. मोटारीचा गोंगाट दोन्हींवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. १९८३ सालचं हे मानक अजून टिकलंय ते यामुळेच.

पाइपलाइनचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला की पाण्याचा धक्का माघारी येतो. मोकळ्या टोकावरून सिग्नलही तसाच उलटतो आणि मागून येणाऱ्या निरोपात मिसळतो. तो टोकालाच जिरावा म्हणून ए आणि बीच्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर लावतात, तपकिरी-लाल-तपकिरी पट्ट्यांचा. केबलचा इंपीडन्सही साधारण तेवढाच असतो.

लावायचा तो फक्त दोन टोकांना. काही उपकरणांत तो आतच असतो, बारीक स्विचवर. बसवणारा ‘असू दे’ म्हणून सगळे चालू ठेवतो. वीज बंद करून ए-बीवर मीटर धरा. ६०च्या आसपास किंवा थोडा खाली आकडा आला, तर ठीक. १२० आला तर एक टोक उघडं आहे. ४० म्हणजे कुणीतरी तिसरा घुसवलाय.

पण दर बिघाडाला रेझिस्टरच जबाबदार धरू नका. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. सिग्नलला मीटरभर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे ३०० मीटर जाऊन परत यायला ३ मायक्रोसेकंद. बिट वाचायच्या आतच उलटलेला सिग्नल विरलेला असतो. खरा घोळ बहुधा पेटीपासून चहूकडे काढलेल्या लांब फाट्यांचा. चार फाटे, चार टोकं. रेझिस्टर कुठं कुठं लावणार? वेग वाढवला की हे लगेच भोवतं. त्यापेक्षा केबल एका सेन्सरवरून पुढच्यावर, ओळीनं न्यावी.

आणखी एक. रेझिस्टर लावल्यावर, कुणीच बोलत नसताना ए-बीमधला फरक शून्यावर येतो, आणि रिसीव्हरला खात्रीसाठी २०० मिलिव्होल्ट हवे असतात. त्यासाठी पेटीत, एकाच जागी, एका तारेवरून एक रेझिस्टर ५ व्होल्टकडे आणि दुसरीवरून एक ग्राउंडकडे जोडतात. ६८० ओहमचे घेतले तर सुमारे २१० मिळतात, म्हणजे जेमतेम. मी ५६० चे घेईन, २५० मिळतात.