बाम्बर्गची धुराची बिअर

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘जर्मनीत राहायला गेलास, बिअरचं सांग की.’ तर आज तेच.

मी राहतो बाम्बर्गमध्ये. बव्हेरिया राज्याच्या उत्तरेला फ्रँकोनिया म्हणून भाग आहे, तिथलं हे ७५-८० हजार वस्तीचं गाव. म्युनिकचा तो मोठा ऑक्टोबरफेस्ट डोक्यातून काढून टाका. इथे गावोगावी छोट्या ब्रुअरीज आहेत, आणि त्यातल्या कित्येकांची बिअर शेजारच्या तालुक्यातसुद्धा मिळत नाही. प्यायची तर तिथे जाऊनच.

आल्या आल्या मी काय केलं, तर मोबाइलवर अ‍ॅप घेतलं आणि प्रत्येक बिअरला स्टार द्यायला लागलो. ओळखीचं कुणी नव्हतं. शनिवारी एकट्याने जायचं, एक घोट, एक फोटो, तीन स्टार. पुढची.

मग आली राउखबिअर, म्हणजे धुराची बिअर. पहिला घोट घेतला आणि ग्लास खालीच ठेवला. ऑफिसमधला एक जण म्हणाला, ‘अरे, मस्त स्मोक्ड हॅमसारखी लागते!’ मी शाकाहारी. झालं! एक स्टार.

खरं तर त्यात मांसाचा अंशही नसतो. बार्ली भिजवून मोड आणतात आणि मग वाळवतात, तो माल्ट. पूर्वी माल्ट उघड्या जाळावर वाळवायचे, त्यामुळे बिअरमध्ये थोडाफार धूर यायचाच. पुढे धूर न लागू देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि बहुतेक ठिकाणची ती चव गेली. बाम्बर्गमध्ये श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल या दोन ब्रुअरीजनी मात्र लाकडाचा जाळ सोडला नाही. बीच नावाच्या झाडाचं लाकूड जाळतात. श्पेत्सियालची जरा सौम्य, नवख्याने तिथून सुरुवात करावी. मी उलट केलं.

उन्हाळ्यात ‘केलर’वर गेलो. केलर म्हणजे तळघर, पण इथली माणसं केलर‘वर’ जातात. टेकडीत तळघरं खोदून बिअर थंड ठेवायची, सावलीला वर झाडं लावायची, आणि त्या झाडांखाली बाकडी टाकलेली. बऱ्याच ठिकाणी डबा घरून आणला तरी चालतो, बिअर तेवढी त्यांची घ्यायची. मी पोळी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

लांब बाकड्यावर जागा आहे का विचारून एक आजोबा समोर बसले. माझ्या हातात फोन बघून म्हणाले, ‘परीक्षेचे पेपर तपासताय का?’ मला हसू आलं, थोडी लाजही वाटली. फोन खिशात टाकला. त्यांनी चटणी चाखली, पाणी प्यायले, परत चाखली. मग म्हणाले, राउखबिअर घ्या, पण सावकाश. पहिल्या घोटाला जीभ घाबरते.

अर्धा लिटरचा मग तासभर पुरवला. आणि मधेच कधीतरी मला त्या धुरात वांगं लागलं! गॅसवर भाजलेलं नाही, चुलीच्या निखाऱ्यात भाजलेलं, आजीच्या हातचं भरीत. सोबत कच्चा कांदा हवा होता, खरंच. त्यांना हॅम आठवतो कारण ते त्यांच्या घरात होतं. माझ्या घरात वांगं होतं.

त्या आजोबांनीच अजून एक शिकवलं. माऽर्स नावाच्या ब्रुअरीत जायचं आणि फक्त ‘आ ऊ’ म्हणायचं. ‘आ’ म्हणजे त्यांच्या बोलीत एक, ‘ऊ’ म्हणजे उनगेश्पुंडेट, कमी गॅसची, पोटाला न फुगवणारी बिअर. आऊ! म्हणजे आपल्याकडे आईला हाक मारल्यासारखं. मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी मान वर न करता मग समोर ठेवला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच कुणी मला ‘इंग्लिश मेनू देऊ का’ असं विचारलं नव्हतं.

अ‍ॅप अजून फोनमध्ये आहे. राउखबिअरचा तो एक स्टारही तसाच आहे. आजोबा दर गुरुवारी केलरवर असतात. उद्या गुरुवार, आणि यावेळी मी भरीत करून नेतोय. ओव्हनमधलं का होईना.