शाळा घडते ती शिक्षकांच्या बैठकीत



शाळा चांगली की वाईट हे ठरवताना आपण इमारत बघतो, निकाल बघतो, अलीकडे रंगवलेल्या भिंती आणि डिजिटल फळाही बघतो. हे सगळं बघावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शिक्षक आपापसात काय बोलतात, आणि मुख्याध्यापक त्यांना काय बोलू देतात, इकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. नोकरीची सगळी वर्षं शाळाशाळांतून हिंडण्यात गेल्यावर माझं मत आता पक्कं झालं आहे, की शाळेला वळण लागतं ते इथेच.

बहुतेक शाळांमध्ये मुख्याध्यापक आणि शिक्षक यांच्यातला संवाद एका वहीतून चालतो. तिचं नाव सूचना वही. शिपाई ती वही घेऊन वर्गावर्गात फिरतो, शिक्षक शिकवता शिकवता थांबतात, सही करतात, वही पुढच्या वर्गात जाते. उद्या अमुक माहिती भरून द्यावी, परवा तमुक दिन साजरा करावा. वर्षाअखेर ही वही चाळून पाहा. मुलांना वाचता येतंय का, कुणाचं कुठे अडलंय, याबद्दल तिच्यात एक ओळ सापडणं कठीण. बैठका होतात, नाही असं नाही. पण त्यांत परिपत्रकं वाचून दाखवली जातात, कामं वाटली जातात आणि चहा होऊन बैठक संपते.

याहून अगदी वेगळी बैठक मी साताऱ्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत पाहिली. शनिवारची सकाळची शाळा सुटलेली. मुलं गेल्यावर शिक्षक तिसरीच्या वर्गात बसले होते, मुलांच्याच बस्करपट्ट्यांवर. मुख्याध्यापिका बाईसुद्धा तिथेच खाली बसलेल्या. तिसरीचे गुरुजी म्हणाले, ‘‘बाई, माझ्या सात मुलांना हातच्याची वजाबाकी जमतच नाही. मी पुन्हापुन्हा शिकवतोय, पण माझंच काहीतरी चुकतंय.’’ बाईंनी एवढंच विचारलं, ‘‘वह्या आणल्यात का?’’

वह्या मधोमध ठेवल्या गेल्या. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे होते, आणि सातांपैकी बहुतेकांचं उत्तर होतं पस्तीस. सगळे वाकून बघायला लागले. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलांनी सातातून दोन काढले होते. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच त्यांनी धरून ठेवलेलं. म्हणजे मुलं आळशी नव्हती की मठ्ठही नव्हती. त्यांनी स्वतःचा एक नियम बसवला होता आणि तो इमानेइतबारे पाळत होती. मग पहिलीच्या बाई बोलल्या, ‘‘ही माझ्याच हाताखालून गेलेली मुलं. गठ्ठा सोडून दहा काड्या मोकळ्या करायच्या, हे काम तेव्हाच राहून गेलंय. सोमवारी मी काड्या घेऊन तुमच्या वर्गात येते.’’ आणि मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘‘या. तेवढा वेळ पहिलीचा वर्ग मी सांभाळते.’’

आता यात काय काय झालं ते बघा. एका शिक्षकानं चारचौघांत, वरिष्ठांसमोर, मला जमत नाही असं सांगितलं आणि त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या शिक्षिकेनं आपल्याकडून काय राहिलं ते आपण होऊन सांगितलं. आणि शाळेच्या प्रमुखानं उपदेश केला नाही, स्वतःचा वेळ दिला. त्या शाळेत पहिली-तिसरीच्या मुलांना गणित आवडतं, याचं कारण मला त्या बस्करपट्टीवर सापडलं.

शिक्षकाला अशी कबुली द्यायला भीती का वाटते, याचाही विचार करायला हवा. आपल्याकडे तपासणी म्हणजे दप्तराची तपासणी. साहेब येणार म्हटलं की हजेरीपटाच्या बेरजा जुळवल्या जातात, टाचणं पुरी केली जातात आणि शेरेपुस्तकात जो शेरा पडतो तो वर्षानुवर्षं मागं लागतो. अशा वातावरणात कच्चं मूल ही झाकायची गोष्ट होऊन बसते. शिक्षक ते मुख्याध्यापकापासून झाकतो, मुख्याध्यापक ते अधिकाऱ्यापासून झाकतो आणि पालकाला ते कळतं मूल सातवी-आठवीत गेल्यावर. ही साखळी तोडण्याची पहिली संधी मुख्याध्यापकाला असते. तपासणीचा जाच आपल्याच अंगावर थांबवायचा आणि शिक्षकांना मोकळं बोलू द्यायचं, याला मी नेतृत्व म्हणतो.

मुख्याध्यापकांवर मी अन्याय करू इच्छित नाही. त्यांची अडचण खरी आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात असं आहे, की पहिली ते पाचवीच्या शाळेत पट दीडशेच्या वर गेला तरच मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद मिळतं. सहावी ते आठवीसाठी हा आकडा शंभराचा आहे. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या किती शाळांचा पट दीडशेच्या वर आहे? म्हणजे राहिलेल्या ठिकाणी दोन किंवा तीन शिक्षकांपैकी एकाच्या गळ्यात मुख्याध्यापकपद पडतं. त्याला वर्गही शिकवायचा असतो आणि कारभारही हाकायचा असतो. पोषण आहाराचा तांदूळ उतरून घ्यायचा, साठ्याची नोंद ठेवायची, खिचडी मुलांना वाढण्याआधी स्वतः चाखून चव नोंदवहीत लिहायचं, यूडायस या सरकारी नोंदणीत शाळेची माहिती भरायची, दाखले द्यायचे, बँकेत जायचं. मुलांच्या पोटात जाणारं अन्न आधी कुणी मोठ्या माणसानं चाखलंच पाहिजे. पण हे सगळं एकाच माणसानं करायचं, त्याच वेळी त्याच्या वर्गात मुलं वाट बघत बसलेली असायची, हे बरोबर नाही. शाळांना कारकुनी मदत मिळाली पाहिजे. ही मागणी शिक्षक संघटना करतात तेव्हा समाजानं त्यांच्या पाठीशी उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

तरीही, आणि हे मी जबाबदारीनं बोलतो आहे, त्या साताऱ्याकडच्या बाईंनाही ही सगळी कामं होतीच. त्यांनी शनिवारचा एक तास त्या कामांच्या तावडीतून सोडवून घेतला होता.

शिक्षकांनी एकत्र बसून मुलांचं कुठे अडतं ते बघण्याची महाराष्ट्रात परंपरा आहे. कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांनी शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर 1985 मध्ये ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. शिक्षकांना घडवण्यात हयात घालवलेली ही बाई स्वतः प्राथमिक शाळा काढून बसली, याचंच मला मोठं अप्रूप आहे. मुलांना शिक्षा नाही, आपापसात स्पर्धा नाही, ही त्या शाळेची ओळख सर्वांना असते. पण ते साधलं कसं? तिथले शिक्षक वर्गात काय घडलं ते लिहून ठेवत, त्यावर एकत्र बसून बोलत. लीलाताईंच्या लेखनात हे पानोपानी दिसतं. ज्या शिक्षकाचं म्हणणं शाळेत ऐकून घेतलं जातं, तोच वर्गात मुलांचं ऐकून घेतो. धाकात राहणारा शिक्षक मुलांना धाकातच ठेवणार.

दुसरं उदाहरण त्याच्याही आधीचं. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. बालवाडी उघडली, पण गरिबांची मुलं तिकडे येईनात. अशा वेळी पालकांना दोष देणं सोपं असतं. या दोघींनी मुलं का येत नाहीत ते पाडापाड्यांत फिरून बघितलं आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तिथून अंगणवाडी आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना दिसलं, की थोडी मोठी मुलं गुरं राखायला जातात. तर त्यांच्यासाठी कुरणशाळा, गुरं चरतात तिथेच. शाळेची वेळ, जागा, पद्धत यांतलं काहीही मुलापेक्षा मोठं नाही, हे त्यांनी करून दाखवलं. 1973 मध्ये ताराबाई गेल्या. एवढ्या वर्षांच्या सोबतीत अनुताई तयार झालेल्या होत्या, त्यांनी काम पुढे नेलं. एका कर्तबगार व्यक्तीच्या जिवावर शाळा नावारूपाला येते आणि तिची बदली झाली की दोन वर्षांत पहिल्यासारखी होते, हे आपण नेहमी पाहतो. आपल्यानंतर शाळा चालवणारी माणसं आपल्या डोळ्यांदेखत तयार करणं हाही प्रमुखाच्या कामाचा भाग आहे, आणि त्यासाठीसुद्धा बरोबरीनं बसून बोलण्यावाचून दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

दोन शिक्षकी शाळांनी काय करायचं, असं कुणी विचारेल. त्यांच्यासाठी केंद्राची शिक्षण परिषद आहे. आसपासच्या शाळांचे शिक्षक तिथे एकत्र येतात. तिथे सूचना कमी आणि मुलांच्या वह्या जास्त निघाव्यात, एवढं प्रत्येक केंद्रप्रमुख आपल्या अधिकारात करू शकतो. सूचना काय, मोबाइलवरही पाठवता येतात.

आणि आता ऐकणाऱ्या पालकांना दोन शब्द. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तुम्ही त्या समितीवर असाल, तर पुढच्या सभेत बांधकामाचा आणि रंगाचा विषय संपल्यावर उठून एक प्रश्न विचारा. आमच्या मुलांच्या अभ्यासाबद्दल तुम्ही सगळे शिक्षक एकत्र कधी बसता, आणि त्यासाठी तुम्हाला वेळ मिळावा म्हणून आम्ही कोणतं काम अंगावर घेऊ? तांदूळ उतरून घेणं, खिचडीची चव बघणं, बँकेत सोबत जाणं यांतलं काहीही गावाला जमण्यासारखं आहे.

मुख्याध्यापक बंधुभगिनींनो, येत्या शनिवारी शाळा सुटली की तासभर थांबा. परिपत्रकांची फाइल कपाटातच राहू द्या. प्रत्येक शिक्षकाला एका मुलाची वही घेऊन बोलवा, आणि सगळ्यात आधी तुमच्या स्वतःच्या वर्गातली वही मध्ये ठेवा.