रॅम घेण्याआधी
(माघी गणेश जयंतीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासिकेत मुलांसाठी चार डेस्कटॉप असावेत असे मंडळाने ठरवले आणि ते जुळवण्याचे काम आम्हा तिघांकडे दिले. पैसे वर्गणीचे आहेत, म्हणून हिशेब द्यायला आज उभे राहिलो आहोत. हिशेबातली सगळ्यात अवघड ओळ निघाली रॅमची. दिवाळीआधी मजुरा गेटच्या बाजूच्या दुकानांतून आणलेले कोटेशन जानेवारीत एकही दुकानदार धरायला तयार नव्हता.

याचे कारण सुरतेत नाही. जगातली बहुतेक रॅमची चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या डेटा सेंटरना मेमरी प्रचंड लागू लागली, तसा या कंपन्यांनी माल तिकडे वळवला आणि 2025 च्या शेवटच्या महिन्यांत घरगुती रॅमचे भाव भराभर चढले. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना विकणेच बंद करत असल्याचे जाहीर केले. गंमत अशी की याच मायक्रॉनचा कारखाना आपल्या गुजरातेत साणंदला उभारायचे 2023 मध्ये ठरले. पण तिथले काम चिप जोडून, तपासून, बंद करण्याचे. चिपची मूळ चकती दुसऱ्या देशांतून येते. त्यामुळे साणंद जवळ म्हणून कोसाडला रॅम स्वस्त, असे काही होत नाही.

भाव असे असताना चुकीची स्टिक घरी आणणे परवडत नाही, कारण पाकीट फोडल्यावर बरेच दुकानदार परत घेत नाहीत. आपल्यातल्याच एका घरी मुलाने ऑनलाइन सोळा जीबीची डीडीआर 5 स्टिक मागवली. बोर्ड निघाला डीडीआर 4 चा. स्टिक बसेना म्हणून वडिलांनी जोर लावला. बोर्ड वाचला हे नशीब. शेवटी ती स्टिक निम्म्या भावात गेली. बी.कॉम.च्या मुलाला टॅली शिकायला घेतलेले यंत्र त्या पायी महिनाभर पडून राहिले.

आता ज्येष्ठांसाठी थोडे सोपे करून. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे कोठीची खोली, आणि रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. धान्य कोठीत कितीही असो, एका वेळी ओट्यावर मावेल तेवढ्यातच काम होते. ओटा लहान असला की बाईमाणसाची कोठीत ये-जा वाढते. संगणक ‘हँग होतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेले असते.

रॅमच्या पिढ्या आहेत, आणि एका पिढीची स्टिक दुसऱ्या पिढीच्या बोर्डात चालत नाही. डीडीआर 2 आणि डीडीआर 3 या दोन्हींना 240 पिना, डीडीआर 4 आणि डीडीआर 5 या दोन्हींना 288. पिनांची संख्या सारखी म्हणून फसू नका, कडेची खाच वेगळ्या जागी असते. ती मुद्दामच तशी ठेवली आहे, कारण वीज वेगळी लागते. डीडीआर 3 ला दीड व्होल्ट, डीडीआर 4 ला 1.2, डीडीआर 5 ला 1.1. खाच जुळत नसेल तर हात थांबवायचा. तेल, साबण, खोडरबर, कशाचाही उपयोग नाही.

(खोडरबराचा उपयोग दुसरीकडे आहे. आपल्याकडच्या दमट हवेत जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात, यंत्र नुसते ‘टूं टूं’ करते आणि पडदा काळाच राहतो. वायर काढून, स्टिक बाहेर घेऊन, पट्ट्यांवरून पांढरे खोडरबर हलके फिरवले आणि ब्रशने कचरा झटकला की पुष्कळदा यंत्र सुरू होते. नवी रॅम घेण्याआधी हे दहा मिनिटांचे काम करून पाहावे.)

कोणती पिढी लागेल हे प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून ठरवतात. एएमडीच्या एएम 4 सॉकेटवर डीडीआर 4, एएम 5 वर फक्त डीडीआर 5. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीचा प्रोसेसर दोन्ही चालवतो, आणि खरा गोंधळ इथेच होतो. प्रोसेसरला चालते म्हणजे आपल्या बोर्डाला चालते असे नाही. एकाच नावाचा बोर्ड दोन प्रकारांत निघतो, एक डीडीआर 4 चा आणि एक डीडीआर 5 चा, आणि नावाच्या शेवटी छोट्या अक्षरात ‘डी4’ लिहिलेले असते किंवा नसते. दुकानात प्रोसेसरचे नाव सांगून रॅम मागू नका, बोर्डाचे पूर्ण नाव सांगा.

स्टिकवरचे लेबलही वाचायला शिकावे. ‘पीसी 4-2400टी’ असे काही छापलेले असते, त्यापुढे एक अक्षर येते. यू म्हणजे डेस्कटॉपची, एस म्हणजे लॅपटॉपची, आर म्हणजे सर्व्हरची. लॅपटॉपची आखूड असते, ती ओळखू येते. सर्व्हरची मात्र डीडीआर 4 मध्ये अगदी डेस्कटॉपच्या मापाची असते, खाचही जुळते, बसतेही, फक्त यंत्र चालू होत नाही. जुने सर्व्हर मोडीत निघाले की अशा स्टिक बाजारात स्वस्त येतात. सोळा जीबी निम्म्या भावात कुणी देऊ लागला, तर आधी ते अक्षर पाहा.

वेगाबद्दल मुले आम्हाला नेहमी विचारतात. 3200 की 3600? शेजारी लिहिलेला सीएल आकडाही पाहावा लागतो. सीएलला 2000 ने गुणून वेगाने भागले की उत्तर येते नॅनोसेकंदात. 3200 सीएल 16 चे उत्तर 10, 3600 सीएल 18 चेही 10. आणि 3200 सीएल 22 चे येते 13.75. म्हणजे मोठा आकडा पाहून दिलेले पैसे दर वेळी कामी येतातच असे नाही. त्यातून इंटेलच्या एच 510, एच 610 सारख्या कमी किमतीच्या बोर्डांवर रॅम ठरलेल्या मर्यादेपुढे पळवताच येत नाही. तिथे 3600 ची स्टिक लावली तरी ती 3200 किंवा त्याखालीच चालते. ज्या बोर्डावर चालते तिथेही बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, किंवा एएमडीच्या डीडीआर 5 साठी एक्स्पो, सुरू करावे लागते. नाही तर वर्षानुवर्षे महागडी स्टिक साध्या वेगाने चालत राहते आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. रंगीत दिव्यांच्या स्टिकबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. दिवे मखराला शोभतात.

वेगापेक्षा जास्त फरक पडतो तो जोडीने. सोळाची एक स्टिक घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घेतल्या तर प्रोसेसरला दोन रस्ते मिळतात. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्राला, म्हणजे आपल्या घरांतल्या बहुतेक यंत्रांना, हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून जाते. एम्ब्रॉयडरीचे डिझाईन करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. चार खाचांचा बोर्ड असेल तर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. शेजारी शेजारी लावल्या तर दुसरा रस्ता बंदच राहतो. डीडीआर 5 मध्ये चारही खाचा भरू नयेत. एएमडीच्या रायझन 7000 मालिकेत चार स्टिक लावल्या की अधिकृत वेग 3600 पर्यंत खाली येतो. आणि डीडीआर 5 चे नवे यंत्र पहिल्यांदा चालू केले की काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. ते रॅमची घडी बसवत असते. घाबरून बटण दाबू नये, चहा प्यावा.

जुन्या स्टिकशेजारी नवी लावली तर? पिढी एकच असेल तर बहुधा चालते, दोघी हळू असणारीच्या वेगाने चालतात. आठ आणि चारची जोडीही चालते. पण वचन कुणी देऊ नये. पुढे वाढवायचीच असेल तर सुरुवातीलाच एका पाकिटातली जोडी घ्यावी.

आता चार यंत्रांचा हिशेब. देणगीत आलेल्या चारांपैकी दोन यंत्रांत इंटेलचा एच 61 बोर्ड आहे, डीडीआर 3 चा. त्यात जास्तीत जास्त 16 जीबी मावते. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला आणि हे प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत नाहीत. म्हणून त्यांत मोठी रक्कम घालणे आम्हाला पटले नाही. आठ-आठ जीबी जुन्या स्टिक, रात्रभर मेमटेस्टने तपासून, आणि वर लिनक्स. टायपिंग, व्हिडिओचे पाठ, नकाशे, एवढ्याला पुरते. उरलेल्या दोन यंत्रांत डीडीआर 4 चे बोर्ड आहेत, त्यांत आठ-आठच्या जोड्या, 3200 च्या. डीडीआर 5 यंदा नाही. काही सभासदांना हे जुनाट वाटेल. पण डीडीआर 5 च्या भावात खुर्च्या आणि पंखे गेले असते, आणि मुले उन्हाळ्यात तिथे बसलीच नसती.

घरच्या यंत्राबद्दल ज्यांना विचारायचे आहे त्यांनी येताना एवढे करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे किती खाचा भरल्या आहेत आणि वेग किती ते दिसते. त्याचा फोटो काढा. यंत्र बंद करून, वायर काढून, झाकण उघडा, आत हात घालण्याआधी कपाटाच्या लोखंडाला एकदा स्पर्श करा, आणि बोर्डावर छापलेल्या नावाचाही फोटो घ्या. रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही अभ्यासिकेतच असतो. जुनी डीडीआर 3 ची स्टिक घरात पडून असेल तर तीही घेऊन या, एच 61 च्या एका यंत्राला अजून चार जीबी कमी आहेत.

गणपती बाप्पा मोरया!